नीरेच्या पेल्यातील विज्ञान

जळगाव आणि धुळ्याच्या बाजारपेठांतील प्रसाधनांच्या दुकानांत अलीकडच्या काळात जीवनसत्त्वांची नावे मिरवणाऱ्या लहान लहान कुप्या मानाच्या जागी मांडलेल्या दिसतात. कुठे ‘क’ जीवनसत्त्वाचा द्राव, कुठे ‘ब-३’ जीवनसत्त्वाचे क्रीम, कुठे ‘अ’ आणि ‘ई’ यांचे मिश्रण. या द्रव्यांपैकी काहींना टिकाऊ रूप देण्याचे श्रेय जपानी रसायनतज्ज्ञांकडे जाते. जपानचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध मात्र त्याहून फार जुना आहे. उमेतारो सुझुकी यांनी १९१० साली तांदळाच्या कोंड्यातून बेरीबेरी हा रोग बरा करणारे द्रव्य वेगळे केले. आज आपण त्याला ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणून ओळखतो. सुझुकींचा शोध प्रथम जपानी भाषेत प्रसिद्ध झाला आणि युरोपात त्याची दखल उशिरा घेतली गेली. सुझुकी या संशोधनात गढलेले होते, त्याच सुमारास भारतात एका मराठी घराण्यात अशी मुलगी जन्माला आली, जिने पुढे जीवनसत्त्वांचे विज्ञान गरिबाच्या पानापर्यंत नेले. तिचे नाव कमला भागवत, म्हणजेच पुढील काळात जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कमला सोहोनी.

मराठी वाचकाला भागवत हे आडनाव दुर्गाबाईंमुळे सुपरिचित आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक, निसर्गावर प्रेम करणाऱ्या ललित लेखिका आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला निर्भयपणे विरोध करणाऱ्या दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. दुर्गाबाईंचा जन्म १९१० साली इंदूरला झाला. कमला त्यांच्याहून धाकटी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले होते. त्यामुळे रसायनशास्त्र हा कमलाबाईंना घरचाच विषय होता. वडिलांच्या आणि काकांच्या पावलावर पाऊल टाकून त्याच संस्थेत संशोधन करायचे, असे त्यांनी शिकत असतानाच ठरवून टाकले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळुरूला अर्ज पाठवला.

अर्ज नाकारला गेला. गुणांमध्ये काही उणे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीन वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळाल्यामुळे त्यांच्या शब्दाला साऱ्या देशात वजन होते. अशा माणसाच्या निर्णयापुढे मान तुकवून दुसरी वाट धरणे सोपे होते. कमलाबाई थेट बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. तो सत्याग्रहाचा काळ होता आणि सत्याग्रहाचे हे शस्त्र एका विद्यार्थिनीने विज्ञान संस्थेच्या दारात वापरले. रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. अखेरची अट विशेष बोचरी होती. कमलाबाईंनी अपमान गिळला आणि अटी मान्य केल्या. वर्षभराने त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळालाच, शिवाय पुढच्या मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. तरीही त्या अटींचा सल अखेरपर्यंत गेला नाही. कितीतरी वर्षांनंतर, वार्धक्यात एका सत्काराला उत्तर देताना त्यांनी रामन यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या संकुचितपणाचाही स्पष्ट उल्लेख केला.

बंगळुरूला श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्याची पारख असणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषयाची ही निवड लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या देशातील बहुसंख्य लोकांना मांस परवडत नाही किंवा चालत नाही, त्या देशाचे पोषण डाळीवर आणि दुधावर अवलंबून असते. या अन्नाचा रासायनिक हिशेब मांडण्याचे काम त्यांनी विशीतच हाती घेतले आणि ते आयुष्यभर सोडले नाही. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला गेल्या आणि डिसेंबर १९३७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या.

केंब्रिजची जीवरसायन प्रयोगशाळा तेव्हा सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या नेतृत्वाखाली होती. केवळ शुद्ध प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि क्षार दिल्याने प्राणी वाढत नाहीत. अन्नात अत्यल्प प्रमाणात असणारी आणखी काही द्रव्ये त्यांना लागतात, हे हॉपकिन्स यांनी प्रयोगांनी दाखवले होते. त्यासाठी १९२९ साली त्यांना आइकमान यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते. याच प्रयोगशाळेत दशकभरापूर्वी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन संशोधकाने एक पांढरे स्फटिकरूप आम्ल वेगळे केले होते. खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग बरा करणारे ‘क’ जीवनसत्त्व हेच, असे १९३२ च्या सुमारास सिद्ध झाले. कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या त्याच महिन्यात सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक प्रदान झाले.

खानदेशच्या वाचकाला या कथेतील एक तपशील विशेष जवळचा वाटेल. सेंट-ग्यॉर्गी यांच्यापुढची मोठी अडचण होती ती हे द्रव्य पुरेशा प्रमाणात मिळवण्याची. ती सुटली हंगेरीतील सेगेड गावच्या मिरचीमुळे. तेथील ताज्या मिरच्यांतून त्यांनी किलोंनी ‘क’ जीवनसत्त्व काढले. नंदुरबार आणि दोंडाईच्याच्या मिरचीचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खानदेशात भाकरीबरोबर हवाच. त्या हिरव्या मिरचीतही हे जीवनसत्त्व भरपूर असते. मात्र तीच मिरची पिकून उन्हात वाळली, की त्यातील बराचसा भाग नष्ट होतो. ‘क’ जीवनसत्त्वाचा स्वभावच असा आहे. हवेतील ऑक्सिजनशी ते चटकन संयोग पावते. उष्णता, उजेड, तांब्यासारख्या धातूचा स्पर्श यांनी हा नाश आणखी वेगाने होतो. स्वतः ऑक्सिजन झेलून ते शरीरातील इतर द्रव्यांचे रक्षण करते, आणि नेमक्या याच गुणामुळे ते साठवणीत टिकत नाही.

सजीव पेशीत ऑक्सिजनचा वापर कसा होतो, हाच कमलाबाईंच्या संशोधनाचाही विषय ठरला. आरंभी डेरेक रिक्टर यांनी त्यांना आपल्या कामाच्या मेजावर दिवसा जागा दिली. ते स्वतः रात्री काम करीत. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करताना बटाट्यावरील प्रयोगांतून कमलाबाईंनी दाखवले, की ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेत महत्त्वाचे कार्य करणारे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनातील साम्यावर त्यामुळे प्रकाश पडला. अवघ्या सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचे पूर्ण अधिकार देऊ लागले ते १९४८ साली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या यशाचे मोल अधिक कळते.

परदेशात त्यांना उत्तम भवितव्य होते. कमलाबाई मात्र १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाची प्रमुख म्हणून काही काळ काम केल्यावर त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास हे त्यांचे तेथील काम होते. ही प्रयोगशाळा म्हणजे भारतीय कुपोषणाचे जणू नोंदणी कार्यालय होते. पोटात काय जात नाही, ते त्वचेवर उमटते, हे येथील वैद्यांना रोज दिसत असे. दक्षिणेतील शाळकरी मुलांच्या कोपरांवर, मांड्यांवर बेडकाच्या कातडीसारखे खरखरीत फोड येत. त्याचा संबंध अपुऱ्या आहाराशी असल्याचे कुन्नूरच्या संशोधकांनी १९३० च्या दशकात नोंदवले होते. ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्यास हिरड्या सुजतात, त्वचेखाली रक्त साकळते, जखमा भरून येत नाहीत, कारण त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन त्याच्यावाचून नीट घडत नाही. ‘ब-३’ कमी पडल्यास उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट, भेगाळ चट्टे उठतात. पेलाग्रा या नावाचा हा रोग दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळल्याचे पुढे १९६० साली हैदराबादच्या संशोधकांनी दाखवले. आज प्रसाधनांच्या कुप्यांवर जी नावे झळकतात, ती मुळात अशा रोगांच्या अभ्यासातून आलेली आहेत.

१९४७ साली माधव सोहोनी या विमाशास्त्रातील गणितज्ञाशी विवाह करून कमलाबाई मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायन विभागात शिकवू लागल्या. त्यांच्या जीवनातील सर्वांत फलदायी कालखंड हाच. विद्यार्थ्यांसह त्यांनी देशातील गोरगरीब जे खातात त्याच पदार्थांवर काम केले : कडधान्ये, भाताचे पीठ, ताडगूळ आणि नीरा. वालासारख्या कडधान्यांत प्रथिन विपुल असते, पण ते पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी द्रव्येही असतात, हे त्यांच्या गटाने बारकाईने तपासले. कच्च्या दाण्यातील ही अडथळा आणणारी द्रव्ये नीट शिजवल्याने बहुतांशी निष्प्रभ होतात.

या संशोधनाच्या उजेडात खानदेशचा नेहमीचा स्वयंपाक पाहण्याजोगा आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ही केवळ चवीची बाब नाही. ज्वारीच्या प्रथिनात जे अमिनो आम्ल कमी असते, ते उडदात पुरेसे असते; दोन्ही मिळून शरीराला अधिक पूर्ण प्रथिन लाभते. कोरड्या मटकीत ‘क’ जीवनसत्त्व नावालाही नसते, तिला मोड आले की ते तयार होते. मात्र मोडाची उसळ फार वेळ रटरटत ठेवली, की तेच पुन्हा कमी होते. कोणता घटक शिजवल्याने सुधारतो आणि कोणता शिजवल्याने जातो, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला ढोबळपणे ठाऊक होते. कमलाबाईंच्या पिढीने त्याला मोजमाप दिले.

नीरेवरील काम त्यांना राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून लाभले. ताड किंवा शिंदीच्या झाडाचा हा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरवून ताजा घेतला तर पौष्टिक पेय. ऊन चढू लागले, की आंबून त्याची ताडी होते. दारूबंदीच्या काळात या झाडांवर जगणाऱ्यांना दुसरा व्यवसाय मिळावा आणि कुपोषितांना स्वस्त पोषण मिळावे, असे दोन हेतू या सूचनेमागे होते. कमलाबाईंनी पृथक्करण करून दाखवले, की नीरेत ‘अ’ आणि ‘क’ ही जीवनसत्त्वे व लोह लक्षणीय प्रमाणात आहेत आणि रस आटवून केलेल्या पदार्थांतही हे घटक टिकून राहतात. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होते, हेही प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सातपुड्याच्या कुशीतील वस्त्यांमध्ये बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न आजही संपलेला नाही. परिसरात मिळणाऱ्या, गरिबाला परवडणाऱ्या पदार्थातच पोषण शोधण्याची ही पद्धत म्हणून आजही उपयोगाची आहे.

नीरेच्या बाबतीत जो प्रश्न कमलाबाईंपुढे होता, तोच पुढे जपानी प्रसाधन उद्योगापुढे निराळ्या रूपात आला. ‘क’ जीवनसत्त्व त्वचेतील काळ्या रंगद्रव्याची निर्मिती मंदावते, हे ज्ञात होते. पण पाण्यात विरघळवून बाटलीत भरले, की काही आठवड्यांत द्राव पिवळा पडतो आणि त्याचा गुण जातो. जपानी रसायनतज्ज्ञांनी या रेणूचा जो भाग ऑक्सिजनशी आधी संयोग पावतो, त्यालाच दुसरा रेणू जोडून कुलूप घातले. प्रथम फॉस्फेट जोडलेली रूपे आली. त्यानंतर १९९० च्या सुमारास ओकायामा येथील संशोधकांनी पिष्टातील ग्लुकोज विकराच्या साह्याने ‘क’ जीवनसत्त्वाला जोडले. हे नवे संयुग बाटलीत टिकते, आणि त्वचेवर लावल्यावर तेथील विकर हळूहळू ग्लुकोज सोडवून मूळ जीवनसत्त्व मोकळे करतात. हायाशिबारा या ओकायामाच्याच कंपनीने त्याचे उत्पादन केले. जपानच्या कायद्यात औषध आणि प्रसाधन यांच्या मधला एक वर्ग आहे. त्यात मोडणाऱ्या उत्पादनात कोणते क्रियाशील द्रव्य आहे, त्याचा परिणाम काय, याला सरकारची मान्यता लागते. हे ग्लुकोजयुक्त रूप १९९० च्या दशकात त्या वर्गात समाविष्ट झाले. विकरांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या कमलाबाईंना या युक्तीत काही परके वाटले नसते.

तरीही त्यांच्या विज्ञानाची दिशा वेगळी होती. द्रव्य टिकवले, एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. ते कोणाला मिळते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हाही त्यांच्या दृष्टीने शास्त्राचाच प्रश्न होता. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही ते पद त्यांच्याकडे यायला काही वर्षे जावी लागली. बंगळुरूच्या दारात जे घडले, त्याची सौम्य आवृत्ती कीर्तीच्या शिखरावरही त्यांच्या वाट्याला आली. अखेर १९६० च्या दशकात त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेची धुरा वाहणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक होत.

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली, त्यांत कमलाबाई होत्या. ग्राहक संरक्षण कायदा येण्याला तेव्हा वीस वर्षांचा अवकाश होता. भेसळ ओळखणे, वजनमापे तपासणे, जाहिरातीतील दावा आणि डब्यातील माल यांचा ताळा घेणे, अशी या संस्थेची कामे होती. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांसाठी लेखन केले. विज्ञान सामान्य माणसाच्या भाषेत सांगितले पाहिजे, या तळमळीने त्यांनी मराठीतही लिहिले. प्रयोगशाळेत एका परीक्षानळीपुढे त्या जी काटेकोर शंका घेत, तीच शंका घेण्याचा अधिकार वाण्याच्या दुकानात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीलाही आहे, असे त्यांना वाटे.

कीर्तीच्या बाबतीत मात्र त्यांच्या वाट्याला उपेक्षाच अधिक आली. देशाला त्यांची नीट आठवण झाली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी पुढाकार घेऊन त्यांचा दिल्लीत सत्कार घडवून आणला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज जीवनसत्त्वाचे नाव हे विक्रीचे साधन झाले आहे. कुपीवर ते छापलेले असते. पण द्रव्याचे कोणते रूप आत आहे, त्याचे प्रमाण किती आणि उघडल्यावर ते किती दिवस टिकेल, याची माहिती ग्राहकाला दर वेळी मिळतेच असे नाही. नीरेच्या पेल्यापुढे कमलाबाईंनी हेच प्रश्न विचारले होते आणि उत्तरे मोजून काढली होती. कुपी जपानमधून आलेली असो वा मडके शेजारच्या शिंदीवरून उतरवलेले असो, ते प्रश्न बदलत नाहीत.